पहिला हात चांद्याचा

देऊळघाटच्या सरस्वतीबाईंचं हळदीचं मलम बायांच्या टाचांना लागायचं, नवरीच्या तोंडाला लागायचं. पण सगळ्यांच्या आधी लागायचं ते चांद्याच्या खांद्याला. चांद्या म्हणजे घरचा म्हातारा बैल. नवी कढई उतरली की पहिलं बोट त्याच्या जुवानं सोललेल्या खांद्यावर. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याची कातडी लाल झाली नाही, की मग डब्या भरायच्या.

"मले लावताना कधी इचारलं नाही," त्यांचे यजमान हिंमतराव चारचौघांत सांगायचे, "बैलाले इचारते."

पुण्याच्या एका दुकानाला ते मलम आवडलं. तिथली योगिनी फॉर्म घेऊन आली. डबीवर सशाचं चित्र लागणार होतं. म्हणजे या मलमापायी कुठल्या जनावराला त्रास दिलेला नाही. चित्र मिळालं तर ऑर्डर, नाहीतर रामराम. सरस्वतीबाईंसोबत मलम करणाऱ्या बचत गटाच्या बाया ओसरीवर कान देऊन बसल्या.

"काकू, हे कधी प्राण्यावर लावून पाहिलंय?"

"हाव तर!" सरस्वतीबाई फुशारकीनं म्हणाल्या. "पयले आमच्या चांद्याले. त्याले सोसलं तरच माणसाले."

योगिनीचा पेन थांबला. यालाच प्राण्यांवरची चाचणी म्हणतात, तिनं हळूच सांगितलं. सौंदर्यप्रसाधनांसाठी ती आपल्याकडं बंद आहे.

"चाचणी कायची, माय? दवा हाये त्याची."

"काकू, आधी बैल, मग माणूस, हे नाही चालत. लिहून द्या, यापुढं हे मलम कुठल्याच जनावराला लावणार नाही."

गटातल्या आशाबाईंनी मागून कोपर मारलं. "कर ना वं सही! काऊन अडून राह्यली?"

सरस्वतीबाईंनी सही केली. खोटं लिहायची सवय नव्हती, त्यामुळं लिहिलेलं पाळणं आलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकायला हिंमतरावांनी गरम पाणी अन् पळसाची पानं आणली. चांद्यानं दरवर्षीसारखा आपणहून खांदा पुढं केला. ओसरीवर सशाच्या डब्यांची चळत लागली होती.

"आण एक डबी."

"लोणीच लावा आता."

"लोण्यानं जखम भरत नाही त्याची. तुले माहीत हाये."

"सही हाये माही."

हिंमतरावांनी लोणी लावलं. चांद्यानं मान वळवून हुंगलं, अन् तोच खांदा पुन्हा सरस्वतीबाईंकडं पुढं केला.

त्यांनी डब्यांकडं पाहिलं. ससा ठणठणीत होता. खांद्यावर माश्या जमायला लागल्या, तशा सरस्वतीबाई उठल्या आणि पदरानं वारत उभ्या राहिल्या.