पाय निळे, जीभ गुलाबी

सुकन्या सिस्टरची ड्युटी दुपारीच संपली होती, पण पुढच्या सिस्टरचा यायचा पत्ता नाही. पायाला सूज, पोटात नुसता चहा. उणकलला घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. नेमकी तेव्हाच अळणावरकडची राधा बाळंत झाली.

मूल बाहेर आलं ते रडेचना. सुकन्यानं त्याला उबदार फडक्यानं कोरडं केलं, पाठ चोळली. "अरे बाबा, तोंड उघड की!" बाळानं एकदाच बारीक 'कें' केलं आणि गप्प झालं. पण छाती नीट वरखाली होत होती. तिनं त्याला राधाच्या छातीवर ठेवलं.

राधाच्या सासूची, बाळाबाईची नजर बाळाच्या पायांवर गेली. "अगं बाई, निळे पाय! पहिल्याचं असंच झालतं! काचेच्या पेटीत न्या, लवकर न्या!"

राधानं बाळ घट्ट धरलं. पहिलं मूल दुसऱ्या एका दवाखान्यात 'जरा आत नेतो' म्हणून नेलं होतं, ते कापडात गुंडाळूनच परत आलं. "मी देत न्हाई," ती म्हणाली. "मारा मला, पण देत न्हाई."

पेटीत ठेवलं की सुकन्या मोकळी. तिथं बघायला दुसरी माणसं होती. खोटं कशाला बोला, तिच्या मनात ते आलंच. मग तिनं बाळाचं तोंड बोटानं उघडलं. जीभ गुलाबी. हात ओढून सोडला, तर त्यानं झटकन आखडून घेतला. धाप नाही, कण्हणं नाही. डॉक्टरीणबाईंनीही येऊन तपासलं. "आईजवळच राहू दे. पण कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघत बसायला हवं."

कुणीतरी! वॉर्डात दुसरं होतं कोण?

"मावशी, हातपाय उशिरा लाल होतात," ती बाळाबाईला म्हणाली. "जीभ निळी पडली तर मीच उचलून पळेन." आणि स्टूल ओढून कण्हतच बसली.

हळूहळू पाय तांबूस झाले. बाळाबाईनं ते पदरानं झाकले आणि भिंतीला टेकून रडून घेतलं. बाळ चाचपडत दूध शोधायला लागलं. राधाला झोप अनावर झाली होती, तरी ती डोळे ताणून जागी होती.

"अक्का, मी झोपले तर नेणार न्हाई न्हवं?"

"कुठं नेते बाई! माझ्यानं या स्टुलावरनं उठवत तरी आहे का आता? झोप."

मग राधा झोपली.