एरलिंदाचं पाळणाघर आणि गोवरची लस

कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविलला स्ट्रॉबेरीच्या शेतांवर जाणाऱ्या बाया पहाटे पाचला आपली पोरं झोपेतच उचलून एरलिंदा कासारेसच्या पाळणाघरात आणत. पोर आईच्या खांद्यावरून निघून दुसऱ्या खांद्यावर पडायचं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागायचा नाही. नऊ वर्षं हा दुसरा खांदा एरलिंदाचा होता. परवाना तिच्या नावाचा, घर तिचं, आणि हुकूमही तिचाच चालायचा. पोरांवर तिने कधी हात उगारला नाही, पण डबा विसरलेल्या आईला ती दारातच अशी काही झापायची की ती बिचारी दिवसभर शेतात त्याचाच विचार करत बसे.

बाई वाईट नव्हती. तिची स्वतःची तीन बाळं पोटातच गेली होती, त्यातलं तिसरं मागच्या ऑक्टोबरात. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नसे, आणि तीही काढू देत नसे.

दोन वर्षांपूर्वी मुलं अकरावर गेली. आठाच्या वर मुलं ठेवायची तर मदतनीस हवी, असा नियमच आहे. म्हणून एरलिंदाने आपल्या धाकट्या नणंदेला, मारिक्रूसला, स्वतःहून बोलावून घेतलं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं ती पुढे मनात कितीदा म्हणाली असेल. मारिक्रूसमध्ये होतं तरी काय? तिची मक्याची टोर्टिया भाकरीसारखी जाड व्हायची, गाणं बेसूर, कुठला पेला कुठल्या पोराचा हे तिला वर्षभर पाठ झालं नव्हतं. पण ती जमिनीवर फतकल मारून बसली की पोरं चहूबाजूंनी येऊन तिला चिकटत. एरलिंदा ओट्यापाशी उभी राहून बीन्स ढवळत ते बघायची आणि भांड्यावर डाव जरा जास्तच आपटायची.

बाकीची पोरं तिने एक वेळ सोडून दिली असती. इट्झेलचं तिला सोसेना. शेतावर जाणाऱ्या ब्रिखिदाची ही मुलगी तीन महिन्यांची असल्यापासून एरलिंदाच्या मांडीवर वाढलेली. पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं एरलिंदाने ब्रिखिदाच्या आधी पाहिलेलं आणि ब्रिखिदाला वाईट वाटू नये म्हणून लपवलेलंही. आता अडीच वर्षांची झालेली ही पोरगी पहाटे झोपेतसुद्धा खांदा ओळखायची. एरलिंदाचा लागला की लाकडासारखी ताठ व्हायची आणि 'क्रूस, क्रूस' म्हणून रडायची. एरलिंदाला हेवा वाटायचा. जेवण कडू करणारा, आरशात स्वतःचा चेहरा बघू न देणारा हेवा. एवढ्याशा पोरीच्या प्रेमासाठी आपण त्रेचाळीसाव्या वर्षी जळतो, याची तिला लाजही वाटायची. हेवा त्या लाजेने कमी मात्र कधी झाला नाही.

अशात एक नवा नियम आला. एक सप्टेंबरपासून पाळणाघरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फाइलला गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशीचे कागद हवेत. फ्लूचीही लस घ्यायची, किंवा नको असेल तर तसं लिहून द्यायचं. एरलिंदाने आठवड्याभरात दोन लशींचे आणि फ्लूची नको असं लिहून दिलेला, असे तिन्ही कागद फाइलला लावले. मारिक्रूसने डांग्या खोकल्याचा आणला, फ्लूची लस आली की घेते म्हणाली, आणि गोवरचं विचारलं की 'बघू, पुढच्या आठवड्यात' म्हणून पोरांकडे वळायची. जुलै गेला, ऑगस्ट गेला. एरलिंदाने आधी दोनदा आठवण करून दिली, मग करणं थांबवलं. खरं सांगायचं तर तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुईला घाबरत असणार, दुसरं काय, आणि ही बया आपल्या पायांनी दाराबाहेर चालली होती आणि पाप कोणाच्याच माथी नव्हतं.

एकतीस ऑगस्टला पोरं गेल्यावर एरलिंदाने अगदी शांतपणे सांगितलं की नियम म्हणजे नियम, कागद नाही तर उद्यापासून यायचं नाही, इन्स्पेक्टरबाई न सांगता येतात आणि आपला परवाना जायचा. मारिक्रूस काहीतरी बोलणार होती. तिने पर्सच्या बंदावरून हात फिरवला, मग 'बरं, वहिनी' म्हणाली आणि पोरांची दुपारची पांघरुणं रोजच्यासारखी घडी घालून ठेवून गेली. एरलिंदाचा नवरा रामिरो जेवताना म्हणाला, बहीण आहे ती माझी. एरलिंदा म्हणाली, नियम मी केलेला नाही.

मदतनीस नाही म्हणजे मुलं आठच. तीन आयांना एरलिंदाने पहाटे दारातच परत पाठवलं. त्या कुठे गेल्या, पोरांना कोणाच्या गळ्यात घातलं, हे तिने विचारलं नाही. इट्झेलला मात्र ठेवून घेतलं. सगळा खटाटोप जिच्यासाठी केला ती तरी हाती लागायला हवी होती.

इट्झेल हाती लागली नाही. पहिल्या दिवशी ती दारापाशी बसली. दुसऱ्या दिवशी तिने भाताला तोंड लावलं नाही. एरलिंदाने अटोल, म्हणजे मक्याची गोड पेज, करून चमच्याने भरवलं, मांडीवर घेतलं, जुनी गाणी म्हटली. मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती पाहुण्यांच्या घरी बसावं तशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रिखिदा तिला न्यायला आली आणि न जेवल्याचं ऐकून जिन्याच्या पायरीवरच टेकली.

"ताई, राग नका मानू, पण मारिक्रूस परत कधी येणार?"

"गोवरची लस घेतली की."

"ती आता कशी घेणार? पोटात बाळ असताना ती लस देत नाहीत. मला पण नव्हती दिली." ब्रिखिदा बोलता बोलता थांबली. "तुम्हाला तर तिने सगळ्यात आधी सांगितलं असेल ना?"

एरलिंदा हो म्हणाली. पोरीच्या बुटाचा बंद तिने दोनदा बांधला, दोनदा सोडला, आणि मायलेकी गेल्यावर ॲप्रन अंगावर तसाच ठेवून ती मारिक्रूसच्या घरी निघाली.

मारिक्रूस लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. दार उघडल्यावर एरलिंदाने आधी तिच्या पोटाकडे पाहिलं. चौथा महिना असावा. दोन महिने ही बाई आपल्याच स्वयंपाकघरात सैल झगे घालून वावरत होती आणि आपण तिच्या जाड टोर्टिया मोजत होतो.

"तुझ्यासारख्यांना डॉक्टर लस नको म्हणून चिठ्ठी देतात. ती फाइलला चालते," एरलिंदा म्हणाली.

"जुलैपासून पर्समध्ये आहे."

"मग दिली का नाहीस? नोकरी घालवलीस?"

"दिली असती तर तुम्ही वाचली असती, वहिनी." मारिक्रूस खाली बघत होती. "तुमचं तिसरं जाऊन वर्ष पण झालं नव्हतं. म्हटलं, पाचवा लागू दे, मग सांगू. तोवर तुम्हीच काढून टाकलं."

एरलिंदा खुर्चीवर बसली. तिला वाटलं होतं की लाज वाटेल, आणि ती वाटलीही. पण लाजेच्या खाली तोच जुना हेवा होता, आधीपेक्षा दुप्पट. इट्झेल हिची, आणि आता हेही हिचंच. एवढं कळूनही तो जात नव्हता, म्हणजे तो जाणारच नव्हता.

"मला तुझा हेवा वाटतो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. आत्ता पण वाटतोय. गोवर हे निमित्त होतं."

"माहीत आहे मला," मारिक्रूस म्हणाली. तिने पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मग जरा हसून म्हणाली की बाळ झाल्यावरही ती पाळणाघरात कामाला येणार, बाळाला वहिनीकडेच ठेवणार, दुसरीकडे कुठे ठेवणार?

"मग एक आत्ताच ऐकून ठेव," एरलिंदा म्हणाली. "तू पोरांच्या घोळक्यात, ते माझ्या मांडीवर. झोपेत ते माझा खांदा शोधेल. मला आई म्हणेल, आणि म्हणू नकोस असं मी त्याला सांगणार नाही."

मारिक्रूसचं हसू मावळलं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि वहिनीकडे पाहिलं. दोन वर्षं ओट्यापाशी उभं राहून आपण कशा दिसत असू, ते एरलिंदाला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसलं.

तिने चिठ्ठी उचलली. "पहाटे पाचला ये," ती म्हणाली, "तीन पोरं परत बोलवायचीत."