उष्टा घास

भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास आला की पालघरच्या दवाखान्यातली ती म्हातारी आठवते. क्षयाने तिचा नवरा नेला, मुलगा नेला. त्याच खोलीत निजणारी ती मात्र ठणठणीत राहिली. "रक्तातच उपजत बळ असावे," असे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, तेव्हापासून ती क्षयाने खोकणाऱ्या सुनेला गोळ्यांबरोबर बोंबील-भाकरीचा आपला उष्टा घासही भरवी.

"किती उष्टं खाऊ, आये?" सून कुरकुरली.

"खा गो, तूच उरली हायस."

माझ्या मांडीवरही माझ्याच क्षयाचा अहवाल होता. तरी विद्वत्ता सुटेना. मी म्हणाले, "आजी, असले बळ पोटच्या लेकरांत उतरते, सुनेत नाही."

"लेकात कुटं उतरलं?"

तिने दातांनी तोडलेल्या भाकरीचा उरलेला तुकडा माझ्यापुढे धरला.

"खा."