दहा पावलांवरची कमळं

ड्रॉइंगवाल्या बाई फुलं रंगवायच्या तेव्हा कुणाला तरी मारत आहेत असं वाटायचं. ब्रश कमी, सुरीच जास्त. रंगाचा गोळा कॅनव्हासवर आपटायच्या, दाबायच्या, ओढायच्या. मनासारखं झालं नाही की तीच सुरी चित्रात खुपसायच्या. शाळेतून निवृत्त होऊन त्या वरठी गावात एकट्या राहत. मी त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. मला त्यांची भीती वाटे.

त्यांच्याकडे इम्प्रेशनिस्ट, म्हणजे नुसत्या रंगाच्या डागांनी काढलेल्या चित्रांचं जाड पुस्तक होतं. सगळ्या परदेशातल्या बागा. तसंच त्यांनी आपल्या तलावातल्या कमळांचं एक चित्र काढून भिंतीला टेकवलं होतं. मला ती सुरी पुसायची पाटी वाटली. पोळी उलटायच्या सराट्याने मी वाळलेला रंग खरवडायला घेतला. चार कमळं गेली तेव्हा बाई ओरडत आल्या, सुरी हातातच. मी खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर घेतले. घरी तसंच करायची.

बाई थांबल्या. "कोन मारते तुले?"

त्यांनी माझी बाही वर सारली. दंडावर पट्ट्याचे वळ होते.

"नवरा?"

मी मान डोलावली. त्यांनी मला ओढत दाराशी नेलं. "दहा पावलं झाली. पाह आता."

डागांचा तलाव झाला होता. चार जागा तेवढ्या उघड्या.

"त्या तशाच राहू दे," बाई म्हणाल्या. "अन् तूही इथंच राह."

तिसऱ्या दिवशी नवरा विळा घेऊन आला. "चाल घरी. म्हातारीकडे कायले राहून राहिली?" त्याने माझे केस धरले. बाई आडव्या आल्या तसा त्याने विळा चित्रावर चालवला, आरपार. बाईंनी चित्र ठेवायच्या लाकडी स्टँडचा पाय उपसून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. रंगाच्या ताटलीत रक्त उडालं. तो तोंड धरून पळाला.

"एवढी वर्षं फुलं काढली," त्या म्हणाल्या, "हात बसला आहे."

मी परत गेले नाही. मागच्या वर्षी बाई वारल्या. त्याआधी म्हणाल्या, "ते चित्र तू ने. जवळून पाहू नको."

आता मी तुमसरला भातगिरणीत कामाला आहे. चित्राची चीर मी गोधडीच्या टाक्याने शिवली. माझी खोली सहा पावलांची. म्हणून सकाळी दार सताड उघडते, चार पावलं रस्त्यात जाते आणि तिथून पाहते. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात. मी हलत नाही.