माणिकबाईंची गोडी विहीर

खारपाणपट्ट्यात विहीर खोदणं हा काही पराक्रम नव्हे. पाणी लागतंच, ते तोंडात धरवत नाही, एवढंच. अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेकाठच्या माणिकबाईंच्या गावात गोड पाण्याची विहीर एकच, तळ्याच्या कडेची. तिचंही गोड पाणी वरच्या वर: पावसाचं, तळ्यातून मुरलेलं, खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं धरलेलं. बादलीबादलीनं काढलं तर मृगापर्यंत पुरे. एकदम उपसलं की खालचं खारं वर चढे, आणि मग पाऊस येईस्तोवर गावानं तेच प्यायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि विहिरीवर उभं राहून लोकांना थांबवणं वेगळं. ते माणिकबाई करत. पाटलीणबाई असून स्वतःच्या घागरी सर्वांच्या मागून भरत, म्हणून लोक त्यांचं ऐकत.

सन सव्वीसच्या वैशाखात त्यांच्या जमुनाचं लग्न निघालं. वऱ्हाड आलं अकोटच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडे पाणी गोड आणि उदंड. शे-दीडशे माणसं धुळीनं माखलेली. व्याही खुशालरावांनी आंघोळीसाठी सरळ गोड्या विहिरीवर मोट जुंपायला सांगितली.

माणिकबाई अक्षतांचं ताट तिथंच टाकून धावल्या आणि बैलांपुढे उभ्या राहिल्या.

"बैल सोडा, इवाईबोवा. प्यायाले हंडे भरून ठेवले हायेत. आंघोळीले गावाबाहेरची विहीर."

"ते खारं पानी? वऱ्हाडाले? पाटलाच्या घरी पान्याचा दुष्काळ हाय काय?"

"हाय. काहून नसंन? आज मोट चालली तं उद्या लेकराइले खारं पाजा लागते."

"मंग वऱ्हाड परत जाईन!"

"एका दिवसाचं तं हाय, जाऊ दे ना," नवरा, वामनराव, मागून पुटपुटले.

हळद लागलेली पोर घरात बसली होती. पण माणिकबाईंचे पाय हलले नाहीत.

"जा," त्या म्हणाल्या. "बैल सोडून जा."

वऱ्हाड गेलं नाही. भुका लागल्या होत्या. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येईना. खुशालराव चिकट केसांवर पागोटं बसवून मंडपात उभे राहिले आणि राग गाठीला बांधून सुनेला घेऊन गेले. त्या वर्षी पाऊस लांबला. विहीर तळाला गेली, पण गोडीच राहिली.

इकडे दिवाळी आली, आणि सासरचे जमुनाला माहेरी पाठवेनात. तिला आणायला मुऱ्हाळी दोनदा गेला, गाडी दोनदा रिकामी परतली. आता माणिकबाई काही कुढत बसणाऱ्या नव्हेत. स्वतःच गाडीत बसून गेल्या.

ओसरीवर खुशालरावांनी तांब्या पुढे केला. "घ्या, ईहीनबाई. आमच्याकडं मोजून देत नाईत."

डाव उघड होता. लेकीला मूल होईस्तोवर आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. बाई नको म्हणणार, आणि मग तेही लेकीला पाठवायला नाहीच म्हणणार.

माणिकबाईंनी तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला. दाराआडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"गोड हाय," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "जपून वापरा. अन् आनखी एक आना, लय तहान लागली मले."

खुशालराव इतके हसले की ठसका लागला.

"अवो, पोरीचं गाठोडं बांधा," त्यांनी आत हाक दिली, "नाई तं हे बाई आमची विहीर उपसून जाईन!"