कानपिळ्याचा मान

रिसोडकडच्या त्या गावात चतुराबाईला हुशार बाई म्हणत. घर, शेत आणि नवरा दौलतराव, तिन्ही तिच्या शब्दावर चालत. मुलगा जगदेव मात्र सात वर्षांचा झाला तरी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. दिवसभर मोडक्या चरख्याचं चाक फिरवत बसे. स्वतःचं काही बोलत नसे. ऐकलेलं वाक्य कधीतरी, ज्याचं त्याच्याच सुरात, जसंच्या तसं म्हणे.

नागपूरच्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं. ते दौलतरावांच्या लक्षात राहिलं नाही. पुढचं राहिलं: "कान चांगले आहेत. मेंदूची घडणच वेगळी आहे. औषध नाही."

गावात चतुराबाईनं सांगितलं, तापात पोराचे कान गेले. बहिरं पोर लोक दैवावर घालतात, वेडं पोर रक्तावर. आणि घरात थोरली लेक रंगू लग्नाची होती.

वाशीमकडच्या मारोतरावांनी मुलासाठी रंगू पसंत केली, तेव्हा दौलतराव म्हणाले, "त्याहीले खरं सांगून टाकू."

"डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं? अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नोका. मंग कळलं तरी पोरीले टाकून जातील कुठं?"

"अवं, जगदेव आयकून राह्यला."

"आयकू द्या. त्याले काय कळते?"

लग्नाच्या दिवशी तिनं जगदेवला गोठ्यात बांधून ठेवलं. अक्षता पडल्या. होमापाशी नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ हवा होता. चुलतभाऊ पुढं झाला, तसे मारोतराव हसले.

"सख्खा असताना चुलत कायले? बहिरा हाय तं काय, हात तं हायेत!"

मांडव हसला. कुणीतरी जगदेवला सोडून आणलं. मनगटावर दाव्याचे वळ होते. त्याचा हात नवरदेवाच्या कानाला लावला. त्यानं कान घट्ट धरला आणि आईच्या सुरात, स्वच्छ म्हटलं,

"अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नोका. मंग कळलं तरी पोरीले टाकून जातील कुठं?"

मारोतरावांनी जवळची थाळी उचलली, जगदेवच्या पाठीमागं जाऊन वाजवली. पोरानं दोन्ही कान झाकले.

"खरं हाय, इहीनबाई," मारोतराव शांतपणे म्हणाले. "टाकून कुठं जातो? नेतोच आता."

नेली. निघताना रंगू आईच्या गळ्यात पडून रडली. "माय, दिवाळीले मले नेजो."

दिवाळीला तिला धाडलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यालाही नाही. ती बाळंत झाल्याचं बाजारात परक्याकडून कळलं. चतुराबाई बाळंतविडा घेऊन गेली. मारोतरावांनी तिला ओट्यावरच थांबवलं.

"पोरगं झालं का पोरगी, तेवढं तं सांगा."

"सांगू की."

"माही रंगू कशी हाय?"

"तेही सांगू, इहीनबाई. येळ पाहून."

बाळंतविडा तसाच घेऊन ती परतली. जगदेव चाक फिरवत होता.

"माय, दिवाळीले मले नेजो," तो म्हणाला. आवाज रंगूचा होता.

"गप कर त्याले," दौलतराव ओरडले.

चतुराबाई पोरासमोर खाली बसली. "अजून म्हन," ती म्हणाली. "एकडाव म्हन ना, बाप्पा."

जगदेवनं तिच्याकडं पाहिलं नाही. चाक फिरत राहिलं.