मुठीतला महादेव

"गळ्यातलं सगळं काढून ठेवा," असं कोणी म्हटलं, की ते कोणाला म्हटलंय हे आधी पाहावं. मी पाहिलं नाही. नांदेडच्या दवाखान्यात, कॅन्सरच्या पेशंटला मशीनचे किरण देतात त्या विभागाच्या दारात, माझी मुलगी गौरी पांढरा कोट घालून उभी होती. तिनं हे वाक्य म्हटलं आणि मी शाळेतल्या शहाण्या मुलासारखं गळ्यातलं इष्टलिंग काढून मुठीत घेतलं. वर शर्टाची दोन बटणंही सोडली. "बाबा," गौरी हळूच म्हणाली, "पेशंट तुम्ही आहात की अव्वा?" बाकावरचे लोक हसले. हसली नाही ती फक्त माझी आई, म्हणजे आमची अव्वा. ती माझ्या मुठीकडे बघत होती.

आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षेत मिळालेलं लिंग गळ्यात बांधायचं आणि देहाबरोबरच मातीत न्यायचं, अशी आमची रीत. मी ते बांधतो, पण खरं सांगायचं तर शर्टाच्या बटणाइतकंच त्याच्याकडे लक्ष देतो. अव्वाचं तसं नाही. भूकंपात औशाकडच्या आमच्या गावातलं घर पडलं, तेव्हा ती भिंतीखाली सापडली होती. लोकांनी दगड उपसून तिला बाहेर काढलं, तेव्हा तिच्या मुठीत लिंग होतं आणि ती मूठ सोडवता सोडवेना. तेव्हापासून ती दार लावून झोपत नाही. लिंगाला तर अंघोळीतही कोणाचा हात लागू देत नाही. "हे हाय म्हणून मी हाय," एवढंच तिचं तत्त्वज्ञान. आणि गाठ निघाली ती नेमकी गळ्यात.

भूकंपानंतर आम्ही लातूरला आलो. हळूहळू आमच्या गल्लीत घराघरावर क्लासच्या पाट्या लागल्या, आणि डॉक्टर न होणारं मूल गल्लीत नजरेस पडेनासं झालं. गौरीनंही दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला. मार्क थोडक्यात हुकले. मग तिनं स्वतःच रेडिएशन थेरपीची पदवी निवडली. कोणाला किरण किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतात, ते नेमक्या जागी पोचवायचं काम शिकायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. गल्लीत कोणी विचारलं, की मी "मेडिकललाच आहे" म्हणायचो आणि पुढचं वाक्य चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायचो. आता ती शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्याच विभागात तिची आजी पेशंट म्हणून आली होती. "मी समजावते आजीला," असं तिनं आपल्या मॅडमना सांगून ठेवलं होतं. आठवडाभर फोनवर समजावून तिनं अव्वाला जवळजवळ तयार केलंही होतं. मशीनच्या वाटेत धातू नको, दोरा नको. चेहऱ्यावर आणि गळ्यावर जाळीचा मुखवटा बसवणार, म्हणजे मान केसभरही हलणार नाही. तेवढ्या वेळापुरतं लिंग गौरीच्या ओंजळीत राहील. अव्वा 'बघू' म्हणाली होती. तिच्या भाषेत 'बघू' म्हणजे पाऊण होकार.

आणि तेवढ्यात मी तिच्यासमोर माझं लिंग काढलं.

"इतकं सोपं हाय व्हय रे?" ती म्हणाली. "शेंगेचं टरफल काढावं तसं काढलंस."

"अव्वा, अगं, चुकून..."

"माझ्या हातनं न्हाई व्हायचं. मुखवटा घाला, खोलीत कोंडा, समदं सोसते. पण हे काढून मी आत जात न्हाई. चल घरला."

गौरीनं समजावलं, मॅडमनी समजावलं. मी बोलायला तोंड उघडलं, की गौरी डोळ्यांनी मला गप्प करत होती. उपचार लांबले तर गाठ थांबणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. अव्वानं पिशवी काखेला लावली. गौरीचा चेहरा पडला. निकालाच्या दिवशी पडला होता, अगदी तसा. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझं लिंग अजून मुठीतच होतं. खिशात ठेवायचं नाही, खाली ठेवायचं नाही, आणि पुन्हा गळ्यात घालावं तर अव्वापुढं हिंमत होईना. त्या दिवशी मी देवाजवळ काही मागितलंसुद्धा नाही. मागायला तोंड कुठं होतं? नुसतं मनात म्हटलं, बाबा रे, माझ्याच्यानं बिघडलंय, आता तूच बघ.

बाकाच्या टोकाला एक म्हातारे सरदारजी बसले होते. गळ्याची कातडी उन्हात रापावी तशी काळवंडलेली, आवाज बसलेला. ते मला म्हणाले, "भाईसाब, मुठीत काय धरलंय? मघापासून बघून राहिलो."

मी मूठ उघडून दाखवली.

"देव हाय का?"

"हो."

"मंग तुमच्या हातात राहतो, तर माताजीच्या हातात राहत न्हाई का?" असं म्हणून त्यांनी बाही वर सारली. मनगटात लोखंडी कडं होतं. ते अव्वाकडे वळले. "माताजी, मला बी गळ्याचंच हाय. पहिल्या दिवशी मी बी दारातूनच वापस चाललो होतो. म्हटलं, कडं काढणार न्हाई. तर हे इथले लोक म्हणले, राहू द्या की. मशीनला गळा पाहिजे, हात न्हाई. हात वाहेगुरूचा."

अव्वा त्या कड्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या डाव्या तळहाताकडे. रोज सकाळी ती पूजेला बसते, तेव्हा लिंग त्याच तळहातावर घेते आणि टक लावून बघत बसते. तेवढा वेळ घर पेटलं तरी ती हलणार नाही. "हातावर तर रोजच घेते की मी," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

गौरी पळतच आत गेली आणि डॉक्टरांना विचारून आली. लिंग ज्यात असतं ती चांदीची डबी बाहेर ठेवायची, लिंग कापडात गुंडाळून डाव्या मुठीत, मूठ पोटावर. चालेल. "बाबा, हात स्थिर राहावेत म्हणून आम्ही पेशंटला काहीतरी धरायला देतोच," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "हे माझ्या कसं लक्षात आलं नाही!" मला बरं वाटलं. घोटाळे करण्यात मी घरात एकटाच नव्हतो.

त्या दिवशी मुखवटा झाला. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी गौरीनं तिच्या मॅडमबरोबर आजीच्या चेहऱ्यावर दाबून बसवली. आठवड्यानं उपचार सुरू झाले. ते जाड भिंतींचं, जड दाराचं दालन बघून मीच उंबऱ्यावर अडलो, कारण भिंतीखालची अव्वा मी पाहिलेली आहे. गौरीनं तिला सांगितलं होतं, "भ्यालीस तर उजवा हात वर कर. मी कॅमेऱ्यातून बघतेय, लगेच मशीन थांबवून आत येते." इतके दिवस उपचार चालले, एकदाही तो हात वर झाला नाही. "बाबा, एवढा स्थिर पेशंट आम्ही पाहिला नाही," गौरी म्हणाली. मी अव्वाला विचारलं, आत काय वाटतं? ती म्हणाली, "काय वाटायचंय? पूजेला बसल्यागत वाटतं. दार लावलेलं असतं, पण बाहेर आपली पोर हाय."

पहिल्या उपचाराच्या दिवशी सरदारजींसाठी पेढे घेऊन गेलो होतो. गौरीनं सांगितलं, आपली भेट झाली तोच त्यांच्या उपचाराचा शेवटचा दिवस होता. मी गुरुद्वाऱ्यात जाऊन माथा टेकला आणि पेढे तिथल्या लोकांना वाटले. अव्वाचा घास आता सरळ उतरतो. डॉक्टर पुढच्या तपासणीला बोलावतात, आम्ही जातो. पुढचं त्याच्या हातात आहे, आणि तो कोणाच्या हातात आहे ते मी पाहिलं आहे. गल्लीत कोणी विचारलं, तर आता मी पूर्ण वाक्य सांगतो. ऐकणारा कंटाळून उठेपर्यंत सांगतो. हल्ली सकाळी मीही तळहातावर लिंग घेऊन बसतो. अव्वासारखं जमत नाही, मान हलते, डास चावतो. पण बसतो. सगळं आपणच सांभाळायचं आहे, ही कल्पना तेवढ्यापुरती खाली ठेवता येते.

लातूरला परतल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. शेवटी डोळे पुसत म्हटलं, "देवानंच धाडलं बघ त्या सरदारजींना."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांना धाडलंच असेल. पण तुम्ही येड्यागत तुमचं काढून मुठीत धरलं नसतं, तर त्यांनी विचारलं असतं काय? देव बी हाताशी असेल त्याच्यावरच भागवतो, अहो. त्या दिवशी त्याच्या हाताशी तुमचं येडेपण होतं."